देवघरातला अकरावा

अक्का, तुमचं तेरावं काल झालं. सतरंज्या झटकून, घड्या घालून ज्याच्या त्याला पोचत्या केल्या. भांड्यांची यादी जुळली. एक डाव जास्त आलाय, तो कुणाचा ते कळेल. घर आता इतकं आवरलेलं आहे की तुम्ही असता तर पदर खोचत म्हणाला असतात, "दवाखान्यागत करून ठेवलंस की गं."

वर्तमानपत्रात चार ओळी दिल्यात. तुमचं माहेर, वय, मागे कोण कोण, सगळं त्यात आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही. हे कागद माझा अजित रविवारी अमेरिकेला जाताना नेणार आहे आणि माझ्या नातवंडांना, निखिलला आणि तन्वीला, वाचून दाखवणार आहे. त्यांना कळावं म्हणून मधेमधे काही गोष्टी समजावून लिहीन, त्याचा राग मानू नका. बोलायचं आहे ते तुमच्याशीच. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणून आपण शिवाजी पेठेतल्या एका स्वयंपाकघरात उभा जन्म काढला, आणि तरी दोन गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहिल्या. दोन्ही त्या सैनिकाच्या आहेत. एक तुम्हाला ठाऊक होती, हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं. दुसरी ठाऊक होती की नाही, ते आता कधीच कळणार नाही.

परवा निखिलने फोनवर विचारलं, "आजी, मोठी आजी गेली, मग आता माझा सैनिक मला परत मिळेल?" म्हणून लिहायला बसले.

पेठेत नुकतीच केबल आली होती, त्या उन्हाळ्यात अजित पहिल्यांदा अमेरिकेहून आला. तुमच्या संजूसाठी त्याने कुठल्याशा इंग्रजी मारामारीच्या सिनेमातला सैनिक आणला. माझ्या मधल्या बोटापेक्षा जरासा उंच, हिरवं बनियन, कमरेला गोळ्यांचा पट्टा, गालावर रंगवलेला ओरखडा, हातात काढता-घालता येणारी बंदूक. पाठीवर बटण होतं. उजवा हात खाली ढकलला की आत कुठेतरी अडकून बसायचा. बटण दाबलं की टक् असा आवाज होऊन झटकन वर जायचा. तुम्ही त्याला उलटासुलटा करून पाहिलात आणि विचारलंत, "एवढा पैलवान गडी, आन् ह्याला अंगात सदरा न्हाय व्हय?" अजित हसून खाली बसला होता.

संजूने तो पुठ्ठ्यावरून असा काही ओरबाडून काढला की मला राहवेना. पुठ्ठा मी उचलून ठेवला. चांगल्या वस्तूचं वेष्टण मी टाकत नाही. त्या पुठ्ठ्यामागे सैनिकाची माहिती छापलेली होती: त्याचं नाव, त्याचं शिक्षण, त्याने कुठे कुठे पराक्रम केले. संजू ती मला रोज वाचायला लावायचा. "काकी, इंग्लिश सांग की." मी कधी भाजी निवडताना सांगायची, कधी वही लिहिताना. त्यात एक वाक्य होतं की श्वास रोखून हा माणूस शत्रूच्या बोटीखाली तासभर राहू शकतो. संजूने विचारलं, "तासभर?" मी त्या वेळी तूप गाळत होते. वर न बघता म्हणाले, असं लिहिलंय खरं.

एवढंच म्हणाले, अक्का. असं लिहिलंय खरं.

दिवाळीच्या सुट्टीत तो पोरांबरोबर कळंब्याच्या तळ्यावर गेला. पाऊस नुकता सरलेला, तळं काठोकाठ. पुढचं तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला सांगितलं गेलं की गाळात पाय अडकला. मला त्याच्या दोस्ताने, जिन्याखाली उभं राहून, आणखी एक गोष्ट सांगितली. ते पाण्याखाली श्वास रोखून बसायची शर्यत लावत होते आणि संजू म्हणाला होता, तुम्ही आकडे मोजत राहा, मी लवकर येणार नाही. पोरांनी मोजलं. आधी हसत मोजलं. मग त्यांतल्या एकाने मोजणं थांबवलं, तरी बाकीचे थोडा वेळ मोजत राहिले, कारण थांबायचं कसं ते त्यांना कळेना.

मी त्या मुलाला म्हणाले की हे संजूच्या आईला सांगायचं नाही. तिला आणखी त्रास होईल. तो मान डोलवून गेला. मी कुणाचा त्रास वाचवत होते ते त्याला कळलं असेल का, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. हा मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो आणि माझ्या डोळ्यांत बघत नाही.

तळ्याच्या काठावर संजूच्या कपड्यांची घडी होती. ती मीच घातल्यासारखी नीट होती. त्यावर सैनिक उभा केलेला होता, तळ्याकडे तोंड करून, हात वर.

दहाव्याला पंचगंगेवर काय झालं ते ह्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं. कावळे झाडावर बसून होते, पिंडाला शिवत नव्हते. गेलेल्याच्या आवडीचं ठेवा म्हणाले, म्हणून भजी ठेवली, फुटबॉल ठेवला. शेवटी कुणीतरी सैनिक ठेवला. एक कावळा सरळ खाली आला. पिंडाकडे त्याने पाहिलंही नाही. सैनिकाच्या हातातली बंदूक चोचीत धरून नदीपलीकडे उडून गेला. शिवला असं धरायचं का, यावर गुरुजी आणि मंडळी बराच वेळ बोलली. मग थोरले भावजी उठले आणि म्हणाले, झालं, चला. हे सांगताना ह्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि पाण्याचा तांब्या त्यांनी न पिताच खाली ठेवला.

संध्याकाळी तुम्ही सैनिकाला पाण्याने धुतलंत, हळदकुंकू लावलंत आणि देवघरात टाकांच्या शेजारी उभं केलंत.

मुलांनो, टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली छोटी प्रतिमा. कुलदेवाचा टाक असतो, आणि घरातलं कुणी अवेळी, मनातलं मनात ठेवून गेलं तर त्याचाही करतात. त्याला वीर म्हणतात. मग तो घरातच राहतो, सणाला त्याला नैवेद्य मिळतो, आणि तो घरावर नजर ठेवतो. आपल्या घरी असे दहा टाक होते.

आपला वाद तिथून सुरू झाला, आणि तो संपला असं मी कधी म्हणणार नाही. मी म्हणाले, टाक करायचा तर सोनाराकडून रीतसर करून घेऊ. हे प्लास्टिक आहे, परदेशातलं खेळणं आहे, कुठल्या सिनेमातल्या नटाचा चेहरा आहे त्याला. देवांच्या ओळीत हे कसं शोभेल? तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सोनाराकडच्या टाकाला संजूचा हात लागलाय व्हय?"  तरी मी पुढची चौदा वर्षं तोच मुद्दा निरनिराळ्या शब्दांत मांडत राहिले.

आणि तुम्ही तुमचं करत राहिलात. सकाळी आंघोळ झाली की बटण दाबून त्याचा हात वर करायच्या. आशीर्वाद देतोय म्हणायच्या. रात्री झोपायच्या आधी हात खाली, दिवसभर दमला म्हणून. फुटबॉलची मॅच असली की त्याचं तोंड खिडकीकडे वळवून ठेवायच्या. पेठेतला आरडाओरडा ऐकू आला पाहिजे. आपला संघ हरला की त्या दिवशी त्याच्याशी बोलायच्या नाहीत. मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. पण मी दुपारी एकटी देवघरासमोरून जाताना पदर सावरून घ्यायची, घरात कुणी पुरुषमाणूस बसलेलं असावं तशी. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

पुढे थोरले भावजी गेले, मग हे गेले. घरात आपण दोघी उरलो, आणि देवघरातली मंडळी.

तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तुम्ही दोन महिने कुरुंदवाडला भावाकडे राहिलात. नवरात्र तोंडावर आलं होतं. देव घासायचं काम नेहमी तुमचं. त्या वर्षी माझ्यावर आलं. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. आधी यादी केली. समया दोन, निरांजनं तीन, घंटा एक, टाक अकरा. चांदी काळी पडली होती, म्हणून ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी आणि सोडा उकळायला ठेवला. पातळ फडक्यात टाक बांधले. यादीप्रमाणे मोजून अकरा. गाठ मारून पाण्यात सोडले, आणि तेवढ्यात अजितचा फोन आला.

टाक दहाच होते, अक्का. चौदा वर्षं मी तुमच्याशी भांडले की तो टाक नाही, आणि माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्या स्वतःच्या यादीत, मी त्याला टाकांत मोजला होता. न बघता मोजला. तुमचं म्हणणं माझ्या हाताला पटलेलं होतं, फक्त मला पटलं नव्हतं.

गाठोडं उघडलं तेव्हा टाक आरशासारखे लखलखत होते. त्यांच्यामध्ये तो होता. चेहरा एका बाजूला ओघळलेला, एक डोळा गालावर आलेला, तोंड उघडं पडल्यासारखं. उजवा हात लोंबत होता. बटण दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. मऊ झालेल्या पाठीत माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला आणि तसाच थंड झाला. पाण्यातून काढलेला तो तसा माझ्या तळहातावर पडलेला होता, आणि कळंब्याहून संजूला आणलं तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी बघितलं.

मी तुम्हाला फोन करू शकले असते. मी अजितला केला.

त्याने सांगितलं की हा सैनिक आता कुठेच बनत नाही. जुन्या सिनेमांची खेळणी जमवणारे लोक असतात, ते असलं काही जिवापाड जपतात. मग म्हणाला, एक आहे तसा. निखिलकडेच आहे. निखिल तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्याला त्या जमवाजमवीचं वेड होतं. त्याच्या खोलीच्या भिंतीवर बाहुले पुठ्ठ्यासकट टांगलेले असायचे, न उघडलेले. मी त्याच्याशी स्वतः बोलले. म्हटलं, मला तो मोठ्या आजीसाठी हवा आहे, कशाला ते विचारू नकोस.  तो त्याच्या त्या मोडक्या, गोड मराठीत म्हणाला, "पण आजी, तू उघडणार नाहीस ना? उघडला की तो मरतो."

मी म्हणाले, नाही उघडणार.

एका ओळखीच्या मुलीने तो इकडे आणून दिला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी कात्रीने त्याचं प्लास्टिक कापलं. आतून वास आला. इतकी वर्षं कोंडलेली हवा होती ती, नव्या रबराची, आणि क्षणभर मला संजूचा घामेजलेला हात माझ्या दंडावर जाणवला, काकी, इंग्लिश सांग की. मी कात्री खाली ठेवली. मागचा दरवाजा उघडला, थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि परत येऊन काम पुरं केलं.

त्याला जुना करायला मला तीन दिवस लागले. बंदूक काढून घेतली. हळद तेलात कालवून सांध्यांत भरली, पुसली, पुन्हा भरली. कपाळावर कुंकू इतकं चोळलं की ते आत मुरलं. उदबत्तीच्या धुरात धरून ठेवला. जुन्याच्या बनियनवर जिथे खरचटलेलं होतं तिथेच खिळ्याने खरवडलं. दोघांना शेजारी ठेवून मी जुळवत होते, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी नव्याशी बोलते आहे. हात वळव, मान इकडे कर. जुना मी डब्यात ठेवला आणि कपाटात मागे सरकवला. डब्यावर काय लिहावं ते सुचेना. माझ्या कपाटातला बिननावाचा तेवढा एकच डबा.

तुम्ही परत आलात. आंघोळ करून देवघरासमोर उभ्या राहिलात. मी कणीक मळत होते आणि माझे हात थांबले होते. तुम्ही पुष्कळ वेळ बघत होतात. मग एवढंच म्हणालात की डोळे फार चांगले झाले, सगळं लख्ख दिसतंय.

दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही त्याचं बटण दाबणं सोडलंत. पाणी घालायच्या, गंध लावायच्या, पण हात वर करायच्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या असतील. आठवड्याने मी सकाळी दूध तापवायला उठले तर त्याचा हात वर होता. मला बरं वाटलं, जुनी सवय परतली म्हणून. मी जाता जाता तो खाली केला. पूजेआधी फुलं ठेवायला आड येतो. पुढच्या सकाळी पुन्हा वर. असं रोज चालू झालं. तुम्ही वर करता आणि मी खाली करते, आणि दोघी बोलत नाही, असं मी धरून चालले. आपल्या घरात बऱ्याच गोष्टी तशाच चालायच्या.

एक दिवस शेंगा फोडताना तुम्ही मधेच म्हणालात, "विमल, त्याचा हात कशाला रोज वर करतीस गं?"

मी म्हटलं, "मी? मी तर खाली करते. वर तुम्ही करता ना?"

तुम्ही शेंग फोडायची थांबलात. "मी न्हाय त्याला हात लावत. लई दिस झालं."

आपण दोघींनी एकदमच देवघराकडे बघितलं, आणि मग दोघींनी खाली सुपाकडे बघितलं. राहिलेल्या शेंगा फोडून संपवल्या. घरात तिसरं माणूस नव्हतं. मी तुमच्याकडे संशयाने बघितलं आणि तुम्ही माझ्याकडे. आज वाटतं, ते आपल्या दोघींच्या सोयीचं होतं. म्हातारपणात एकमेकींवर संशय घेणं परवडतं. दुसरं काही परवडत नाही.

स्प्रिंग ढिली असेल. अजितला मी विचारलं होतं, तो म्हणाला, आतली खाच झिजली की हात आपोआप वर जातो. मला ते पटतं. पण तो सैनिक इतकी वर्षं न वापरलेला होता, झिजेल कसा, हे मी अजितला विचारलं नाही. मी यादीत नसलेल्या गोष्टी विचारत नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरूण धरलंत. देवघर दिसावं म्हणून तुमची खाट मधल्या खोलीत घातली. एका दुपारी मी तुम्हाला भाताची पेज भरवत होते. तुमची नजर माझ्या खांद्यावरून मागे होती. तुम्ही म्हणालात, "त्यो आपला न्हाय. मला ठावं हाय."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आल्या दिवशीच वळकला. आपला गेला. ह्यो दुसऱ्या कुणाचा तरी हाय." मग तुम्हाला धाप लागली. मी पाठ चोळली. जराशाने पुन्हा म्हणालात, "पर दारात आलेलं लेकरू हाय. ते कुनाला हात करून बलावतंय, ते त्यालाच ठावं. ऱ्हाऊ दे. हाकलू नगंस."

तेव्हा सांगायला हवं होतं. दार उघडं होतं, तुम्हीच ते उघडलं होतं. आपला कसा गेला, कुणी उकळला, हा कुणाचा आहे. आणि मग मागे मागे जात त्या तूप गाळण्याच्या दिवसापर्यंत. माझी जीभ उचललीही होती. मी म्हणाले, "पेज थंड होतेय, अक्का." तुम्ही तोंड उघडलंत आणि शहाण्या मुलीसारखी सगळी पेज संपवलीत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी फक्त कानडीत बोललात, माहेरच्या लहानपणीच्या कानडीत, आणि ती मला येत नव्हती. तुम्ही काही विचारत होतात की सांगत होतात, ते मला आवाजावरूनही कळलं नाही.

तुम्ही सकाळी गेलात. बायका तुम्हाला आंघोळ घालून नवं लुगडं नेसवत होत्या, तेव्हा मी कपाटातला तो डबा काढला. सगळ्यांना चहाला पाठवलं. जुना, वितळलेला, तुमचा तो, मी तुमच्या मुठीत ठेवला आणि वर पदर सारखा केला. तुमची बोटं अजून मऊ होती. मला वाटलं होतं ती मिटवावी लागतील.

तिसऱ्या दिवशी कुरुंदवाडचा तुमचा भाचा दत्ता, ज्याने अग्नी दिला तो, राख सावडून आला. अस्थींच्या मडक्याबरोबर त्याने तळहातावर मला काहीतरी दाखवलं. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काळी पडलेली स्प्रिंग. "मावशी, आत्तीच्या हाडात डॉक्टरनं काय स्प्रिंग बसीवलीती व्हय?" मी म्हणाले, असेल. त्याला ते पटलं. शहरातले डॉक्टर काहीही करतात यावर त्याचा विश्वास आहे. अस्थींबरोबर तीही नदीत गेली.

सुतकात देवाला हात लावत नाहीत. तुम्ही गेलात त्या सकाळी मी देवघराची दारं लावली होती. लावण्याआधी त्याचा हात वर होता. तो मी खाली करून, अडकल्याचं नीट बघून मग कडी घातली. दहा दिवस त्या कडीला कुणी हात लावला नाही. अकराव्या दिवशी गोमूत्र शिंपडून झाल्यावर मी दारं उघडली. अजित मागे उभा होता. मी काय बघते आहे ते त्याला माहीत नव्हतं.

हात खाली होता.

मी तिथेच खाली बसले आणि रडले, अक्का. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. कारण मला तो वर हवा होता. खाली होता याचा अर्थ रोज सकाळी माझ्याआधी उठून, अंथरूण धरल्यावरही कशाबशा, तुम्हीच ते करत होतात आणि शेंगांच्या सुपापुढे माझ्याशी खोटं बोलत होतात. किंवा जो कोणी तो करत होता, तो तुमच्या मागोमाग निघून गेला होता. दोन्हींपैकी काहीही असो, समोर उरलं होतं ते एक खेळणं. आणि ते निखिलचं होतं.

मी अजितला म्हणाले, घेऊन जा. ज्याचं त्याला जाऊ दे. त्याने सैनिकाला हातरुमालात गुंडाळलं आणि बॅगेत शर्टांच्या घड्यांमध्ये ठेवलं. ही काल दुपारची गोष्ट. आम्ही दोघं मधल्या खोलीत चहा पीत होतो. बॅग तुमच्या रिकाम्या खाटेवर, चेन लावलेली. ऊन खिडकीतून निम्म्या खोलीपर्यंत आलं होतं. बाहेर कुणी भांडी घासत होतं.

बॅगेतून आवाज आला. टक्.

अजितने माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. तो इंजिनिअर आहे. म्हणाला, कपड्यांचा दाब पडला असेल बटणावर. मी म्हणाले, मलाही तसंच वाटतं. त्याने कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग उठला, चेन उघडली, हातरुमाल तसाच न सोडवता देवघराजवळ नेला आणि माझ्या हातात दिला.  आत मी त्याला जागेवर उभा केला. हात वर होता. मी तो खाली केला नाही.

थोड्या वेळाने अजित म्हणाला की निखिलचं काही नाही, तिकडे लिलावात शोधून तसलाच दुसरा घेऊन देईन, सीलबंद. हाच परत आला म्हणून सांगू. त्याला काय कळतंय?

मला त्याचं बोलणं ऐकून भीती वाटली. बॅगेतल्या आवाजाची वाटली नव्हती तेवढी. माझा मुलगा माझ्याच आवाजात बोलत होता. मी असंच बोलले होते स्वतःशी, कात्री हातात घेऊन. अक्कांना काय कळतंय? तुम्हाला पहिल्या सकाळी कळलं होतं, आणि मला कळू न देता तुम्ही त्या परक्याला गंध लावत राहिलात.

मी अजितला नको म्हणाले.

आज संध्याकाळी, तिकडे निखिल शाळेला निघण्याआधी, मी त्याला फोन करणार आहे. हे कागद पोचेपर्यंत थांबणार नाही. त्याला सांगणार आहे की तुझा सैनिक मी उघडला, नाही म्हणून सांगूनही उघडला, आणि आता तो परत देता येत नाही. इथे त्याला कुणीतरी ठेवून घेतलं आहे. तो रागावेल. रागावू दे. मग त्याला विचारीन, त्याच्या भिंतीवरच्या बाकीच्या पुठ्ठ्यांमागे काय काय छापलं आहे. एकेक मोठ्याने वाच म्हणेन. आणि प्रत्येक ओळीला त्याला सांगेन, हे खरं नाही हं बाळा, हे नुसतं लिहिलंय. माणूस पाण्याखाली तासभर राहू शकत नाही. कुणीच राहू शकत नाही.